शाळेमागची रोपं

१२ सप्टेंबर
पुढच्या शुक्रवारी तालुक्याहून समिती येणार, मुलांचा वृक्षप्रकल्प बघायला! आणि शाळेमागे रोपं कमी, गवतच जास्त. जांभूळ, करंज, बेहडा — पोरांनी उन्हाळ्यात दुधाच्या पिशव्यांत स्वतः बिया रुजवून वाढवलेली, पावसात इथे लावलेली. आज सातवीच्या वर्गावर ओरडलेच, "शुक्रवारी गवताची काडी दिसता कामा नये! कसंही करा." पोरांची तोंडं एवढीशी झाली. हर्षाली तर रडायलाच आली. आता वाईट वाटतंय. घरोघरी द्राक्षाची छाटणी चालू, पोरांच्या मदतीला येणार कोण?

१५ सप्टेंबर
हर्षालीचे वडील, गोरक्षभाऊ, काल रविवारी पंप घेऊन आले आणि शाळेमागे सगळीकडे तणनाशक मारून गेले! सकाळी फाटकात भेटले, हसत. "झालं काम, मॅडम. आम्ही बागेत कायम मारतो. द्राक्षाला काय नाय होत."

अहो, द्राक्षाची खोडं जुनी, पानं वर मांडवावर! आमची रोपं गुडघ्याएवढी. सगळं पानांवरच बसलं.

१७ सप्टेंबर
पानं पिवळी पडायला लागली. मधल्या सुट्टीत पोरं आपापल्या बाटलीतल्या पाण्याने एकेक पान धूत होती. झीशान म्हणाला, "मॅडम, वाचतील ना?"

हो म्हणाले. साफ खोटं.

१९ सप्टेंबर
समिती येऊन गेली. "परिसर स्वच्छ ठेवलाय" म्हणे! होत्या त्या नुसत्या वाळक्या काड्या. माझा तोल सुटला. सगळ्या पालकांदेखत गोरक्षभाऊंना वाट्टेल ते बोलले — "कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" ते खाली मान घालून उभे. त्याचाच मला जास्त राग आला.

२२ सप्टेंबर
हर्षाली शाळेत आली नाही.

२३ सप्टेंबर
आजही नाही. सगळ्यात आधी तिचंच जांभूळ रुजलं होतं. मी नव्या बिया घेऊन गेले, तर एकानेही हात लावला नाही. "परत मरतील, मॅडम." झीशानच म्हणाला. काय करू मी? कुठल्या तोंडाने पुन्हा रुजवा म्हणू? घरी येऊन पोटभर रडले.

२५ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर हर्षालीच्या घरी गेले. ओट्यावर एकटीच बसली होती.

"पप्पांना नका बोलू, मॅडम. त्यांना छाटणीतून सवड नव्हती. मीच लय रडले, म्हणून आले ते. पप्पा म्हणले, तुझं नाव नाय सांगायचं." मग माझ्याकडे न बघता, "तुम्हीच म्हणल्या होत्या ना — कसंही करा."