संशोधनाची परवानगी

१४ जानेवारी १९५७, सोमवार

पुन्हा तेच! "मिस फणसे, तुम्ही आपलं मातृ-शिशु कल्याण घ्या. तुम्हाला शोभेल." आमचे सिव्हिल सर्जन डॉ. सुभेदार, हातावर तिळगूळ ठेवता ठेवता. गोड बोला म्हणे! मी तिळगूळ खाल्ला आणि गोड काही बोलले नाही.

कलकत्त्याहून पत्र आलंय. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला जागा देताहेत. जुलैपासून. अट एकच — कोणते विषय घेणार त्याचा आराखडा आधी पाठवा, आणि ज्या सरकारच्या नोकरीत आहात त्यांची त्यावर मंजुरी आणा. काही विषय सक्तीचे, दोन आपल्या निवडीचे, आणि शेवटचे सहा महिने एखादा प्रश्न घेऊन त्यावर स्वतः काम. माझे दोन कधीच ठरलेत. पाणी, आणि साथीचे रोग. शेवटचे सहा महिने इथेच, उज्जैनला, विहिरी आणि नळ धुंडाळत.

"बाईमाणसानं गटारं हुंगत फिरायचं?" — इति सुभेदार.

हो. फिरायचं!

१७ जानेवारी

देवास गेटच्या मागच्या गल्लीतली रामकली आज पुन्हा आली. कडेवर तेच पोर, तीच हगवण. दिवाळीपासून किती वेळा आली, ते आता तिलाही सांगता येत नाही. "बाईजी, आपकी दवाई से ठीक हो जाता है. फिर हो जाता है." तक्रार नव्हती तिच्या आवाजात, हेच मला सहन होईना. सगळी गल्ली एका बावडीचं, म्हणजे उघड्या पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी पिते. मी पोराला बरं करते, बावडी त्याला परत आजारी पाडते. मग इथे डॉक्टर कोण, मी की बावडी?

बाळंतपणं मी सात वर्षं करते आहे. ती शिकायला कलकत्ता कशाला हवा?

२० जानेवारी

आबांना आज सांगितलं. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "कलकत्ता म्हणजे काय इथलं माधव नगर आहे?" संपलं.

आई गेल्यापासून फ्रीगंजच्या या घरात आम्ही दोघंच. शैलाताई देवासला, तिच्या संसारात. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग घेऊन वाचतात, ऑपरेशनचं नाव काढलं की खोलीतून उठून जातात. तीस वर्षं सरकारी मसुदे लिहिले त्यांनी. आधी ग्वाल्हेर दरबारचे, मग मध्यभारताचे. अजूनही कुणाला अर्जी करायची असली की लोक सांगतात, भय्यासाहेबांकडून, म्हणजे आबांकडून, लिहवून घ्या. गेल्या नोव्हेंबरात मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, त्या संध्याकाळी जेवले नाहीत. "ज्या नावानं कागद काढले ते नावच गेलं," म्हणाले. राज्य गेल्याचं एवढं दुःख, आणि मुलगी काही मागतेय तर वर्तमानपत्र!

मला राग आलाय. जाणार म्हणजे जाणार.

२७ जानेवारी, रविवार

आराखडा भोपाळला हिंदीतून गेला पाहिजे, असा हुकूम. घरात मराठी, पुस्तकं इंग्रजी, दवाखान्यात दिवसभर हिंदी — पण ती रामकलीशी बोलायची हिंदी. कचेरीची हिंदी म्हणजे वेगळंच प्रकरण. तरी लिहिला. टेबलावर ठेवला आणि चहा करायला गेले, तर आबांनी हाक मारली.

"आण इकडे. चुकीची हिंदी या घरातून बाहेर जायची नाही."

मग काय! अंगणात उन्हाला खुर्ची, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. सगळी सकाळ. 'प्रार्थी'चं 'प्रार्थिनी' केलं. माझे 'का' होते तिथे 'की' आले. आणि जिथे जिथे मी चिडून लिहिलं होतं ते सगळं उडवलं! बावडीचा आख्खा परिच्छेद गेला. मी भांडले. "भांडण तोंडानं करावं, कागदावर नाही," म्हणाले. "कागदावर फक्त मागावं."

शेवटच्या पानाला पोचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भिंग खाली ठेवलं. सहा महिन्यांच्या संशोधनाला परवानगी मागणारं माझं वाक्य होतं, ते जसंच्या तसं राहिलं. बावडीचं एक वाक्यही मी गुपचूप परत घातलं. माझा अर्ज आहे!

२ फेब्रुवारी

सुभेदारांनी वाचला. सगळा वाचला, हे त्यातल्या त्यात. मग दोन्ही विषयांवर काट मारली आणि समासात शेरा — उमेदवार महिला असल्याने मातृ-शिशु कल्याण योग्य. "शेवटी तुमचं ते संशोधन-बिंशोधन करायचं ते करा, त्याला माझी ना नाही. पण विषय मी म्हणतो ते. डिपार्टमेंटचं धोरणच आहे हो." असं कुठलंही धोरण नाही. मी विचारलं, लेखी दाखवा. त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

अर्ज शेऱ्यासकट भोपाळला गेला.

११ फेब्रुवारी

भोपाळहून काही नाही.

१ मार्च

काही नाही. निवडणुकीचे भोंगे दवाखान्याच्या दारात. प्रत्येक पक्ष म्हणतो, घरोघरी नळ देऊ. कुठलं पाणी देणार, ते कुणीच सांगत नाही.

१९ मार्च

रामकलीचं पोर गेलं.

९ एप्रिल, मंगळवार

आला हुकूम. पाणी नाही. साथीचे रोग नाहीत. "मातृ एवं शिशु कल्याण" आणि त्याच्या जोडीला "प्रसूति सेवाओं का प्रबंध". सुभेदारांचा शेरा तस्साच्या तस्सा उचललाय, काना-मात्रा न बदलता. खाली ठसठशीत शिक्का, नव्या राज्याचा.

आबांना वाचून दाखवला. हातातली वाटी खाली ठेवून म्हणाले, "पूर्ण वाच." पूर्ण वाचला. "बरं," म्हणाले. बरं! यात बरं काय आहे?

उद्या राजीनामा देते. स्वतःच्या खर्चानं जाईन, नाहीतर बावडीच्या काठावर बसून स्वतः शिकेन. पण माझ्या हातात पाळणा देऊन मला गप्प बसवता येणार नाही!

१० एप्रिल

काय दिवस! नीट लिहिते.

राजीनामा घेऊन ऑफिसात गेले. सुभेदार दौऱ्यावर. हेडक्लार्क तिवारीजी एकटे. राजीनामा पाहून चष्मा कपाळावर सरकवला. "ये काहे को, डॉक्टर साहब? काम तो हो गया आपका."

"क्या हो गया? विषय काट दिए मेरे."

"काट दिए, मगर बदलने की परमिशन भी तो साथ में दे दी!" आणि हुकमाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'प्रार्थिनी को चयनित विषयों में संशोधन करने की अनुमति प्रदान की जाती है.'

मी म्हटलं, ते तर रिसर्चचं आहे. शेवटच्या सहा महिन्यांचं. तिवारीजी माझ्याकडे बघतच राहिले. "रिसर्च को तो शोध बोलते हैं. अनुसंधान बोलते हैं. संशोधन माने फेरबदल, सुधार. जैसे कानून में करते हैं असेंबली वाले. आपने ख़ुद माँगा था न? हम तो समझे बड़ी होशियारी की आपने!"

होशियारी कसली! मी मराठीतलं संशोधन हिंदीत लिहून मोकळी झाले होते. सुभेदारही मराठीच, त्यांनीही तेच वाचलं. भोपाळात वाचलं हिंदीतून — आणि सही करून मला माझे विषय बदलायची मुभा दिली! टेबलाला धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिवारीजींनी पाणी मागवलं.

तिथेच बसून नवा आराखडा लिहिला. पाणी. साथीचे रोग. हुकमाचा क्रमांक आणि तारीख वर घालून एक प्रत कलकत्त्याला, एक भोपाळला. कलकत्त्याचं सहा महिन्यांचं काम तर सक्तीचंच आहे, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. राजीनामा फाडून टोपलीत.

१२ एप्रिल

सुभेदार परतले. "हा चावटपणा आहे, मिस फणसे!"

"सर, हुकूम भोपाळचा आहे. विचारा त्यांना, चुकून दिला का म्हणून."

नाही विचारणार. भोपाळला 'तुमचं चुकलं' असं लिहायला छाती लागते. आज सबंध दिवस मी विनाकारण वॉर्डातून मिरवले.

१४ एप्रिल, रविवार

शैलाताई आली, देवासच्या बसनं. आबा झोपले होते. स्वयंपाकघरात तिला सगळी गोष्ट सांगितली, तिवारीजींची नक्कल करून. ती हसली नाही.

"आबांनी तपासला होता ना अर्ज?"

"हो. सगळी सकाळ."

"आणि हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटला? आबांच्या?"

माझं हसू तिथेच थांबलं. खरंच की! हिंदीत संशोधन म्हणजे काय हे आबांना नाही कळणार? तीस वर्षांत संशोधनं म्हणून कायद्यांची चोपडीच्या चोपडी लिहिली असतील त्यांनी. दिसलं असतं तर खोडलं नसतं?

"त्यांना आता दिसत नाहीये, विनू," शैलाताई म्हणाली. "नाहीतर लक्ष राहत नाही. मला सासू-सासरे सोडून येता येत नाही. तू गेलीस तर यांना कोण?"

ज्या शब्दावर मी तीन दिवस नाचत होते तोच!

१६ एप्रिल

आज आबा माझ्या चपला घालून फाटकापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "घट्ट झाल्या." मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

ऑपरेशनचं पुन्हा काढलं. उठून गेले.

२३ एप्रिल

नदीवरच्या यात्रेच्या मेळ्याची ड्युटी. दिवसभर कॉलऱ्याची लस टोचली, हात भरून आलेत. नदीकाठी एक बाई म्हणाली, "सुई से क्या होगा बेटी, पानी तो यही पीना है." मला सांगतेय! मला!!

कलकत्त्याचं पत्र आलं. आराखडा जसाच्या तसा मान्य. एकोणीस पुस्तकांची वाचनाची यादी पाठवलीय. पाण्यावरचीच सहा पुस्तकं. यादीवरून नुसता हात फिरवला.

२८ एप्रिल, रविवार

नकार लिहिला. घरगुती अडचणीमुळे येता येत नाही — असलं मिळमिळीत वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सुभेदारांपुढे वाकले नाही, भोपाळपुढे वाकले नाही, आणि एका मोतीबिंदूपुढे! मला त्याग-बिग करायचा नाहीये. मला जायचं आहे. अजूनही, हे लिहितानासुद्धा, जायचं आहे. रामकलीच्या तोंडाकडे बघून मी काय सांगू? पण भिंतीला हात लावत चालणाऱ्या माणसाला एकटं टाकून पाण्यातले जंतू मोजायला जाऊ कशी?

आबांवर रागसुद्धा धरता येत नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

उद्या टपालात टाकते.

२९ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी आबांना सांगितलं, जात नाही. का, म्हणाले. मी सांगून टाकलं — तुम्हाला एकटं ठेवून जाणार नाही, तुम्हाला दिसत नाही, 'संशोधन'सारखा शब्द तुमच्या नजरेतून सुटला.

आबांनी बशी खाली ठेवली. "सुटला नाही. सोडला. सुभेदार तो मराठीत वाचणार, भोपाळवाले हिंदीत. शोध लिहिलं असतंस तर विषय बदलायची मुभा मिळाली नसती, फेरबदल लिहिलं असतंस तर सुभेदारांनीच खोडलं असतं. ते नकाराचं पत्र आण इकडे. आणि इंदूरला डोळ्यांचा डॉक्टर कोण चांगला आहे, ते विचारून ठेव."