पिठल्यातलं बटण

कुवेत,
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय ताई,

नमस्कार करतोच, पण आधी राग थोडा बाजूला ठेव. जूनमध्ये मिरजेहून निघालो तेव्हा तू दारापर्यंतही आली नाहीस, आणि त्यानंतर तुझं एक ओळीचं पत्र नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी खुशाल आहे. हॉस्पिटलात एक्स-रेची दोन मशिनं पुन्हा चालू झाली. तेलविहिरींच्या आगी बहुतेक विझल्यात, त्यामुळे वाळत घातलेला शर्ट आता पांढराच परत मिळतो.

मोठी बातमी म्हणजे आमचा सिनेमा पुरा झाला! हसू नकोस. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या बाळासाहेबांनी हॉलिवूडचा एक जुना, काळापांढरा प्रेमाचा विनोदी सिनेमा कॅसेटवर पाहिला आणि तो मराठीत करायचं डोक्यात घेतलं. हे अहमदीला तेल कंपनीत इंजिनियर, पण बोलणं पंचवीस चित्रपट काढल्यासारखं. गोष्ट अशी, की एका वकीलबाईला पावात बटण सापडतं, ती बेकरीवाल्यावर खटला भरते आणि भांडता भांडता त्याच्याच प्रेमात पडते. आम्ही बेकरीची खानावळ केली आणि पावाचं पिठलं. खानावळवाला मी.

काय सांगू त्या शूटिंगची तऱ्हा! पहिल्या नायिकेच्या नवऱ्याची बदली झाली. दुसरीने सासऱ्यांसमोर ‘तुम्ही मला आवडता’ म्हणायला साफ नकार दिला. कॅमेरा फहाहीलच्या इद्रीसभाईंचा, रत्नागिरीकडचे, टीव्ही-रेडिओचं दुकान. त्यांची एकच अट. “कॅमेरा माझा, मग दुकानाची पाटी नको दिसायला?” म्हणून कोर्टाच्या सीनमध्येही न्यायाधीशाच्या डोक्यावर त्यांचीच पाटी आहे. जुलैच्या उन्हात कॅमेरा तापला, तर बाळासाहेबांनी तो फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर काचेवर एवढं दव, की अर्धा तास सगळे धुक्यात दिसत होतो.

तिसरी नायिका शामला. मूळची नाशिकची, आमच्याच हॉस्पिटलात वॉर्डाची नर्स. आली होती मेकअपला मदत करायला, बाळासाहेबांनी हातात संवाद दिले. पहिल्याच सीनला मी ताठ उभा. ती म्हणाली, “पेशंटला श्वास रोखायला सांगता ते ठीक, तुम्ही कशाला रोखलाय?” सगळे हसले. मीही हसलो, पण श्वास काही नीट सुटला नाही.

शेवटचा सीन तीन ऑगस्टला, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ठेवला होता. गुरुवारी पहाटे इराकी रणगाडे आले.

पुढचं तुला माहीत आहे. बगदादवरून अम्मान, तिथून विमानाने मुंबई. माहीत नाही ते आता लिहितो. सप्टेंबरात बसमध्ये जागा मिळाली तेव्हा मी शामलाला म्हटलं, “चला.” ती म्हणाली, “वॉर्डात अठरा पेशंट आहेत. त्यांना कुणावर टाकून येऊ? तुम्ही जा. ताई वाट बघत असतील.” आणि मी गेलो. ताई, मी खरंच गेलो. मिरजेत जेवण जाईना, तेव्हा तू शेजारणींना सांगायचीस, पोराने लढाई पाहिलीय. लढाई मी फार थोडी पाहिली. मला लाज खात होती. आणि तू कोल्हापूरच्या स्थळाची पत्रिका पुढे ठेवलीस, तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही. ‘नोकरी जाईल’ म्हणून पळालो. नोकरीसाठी आलो नव्हतो.

इथे उतरल्यावर तडक तिच्या वॉर्डात गेलो. ती अर्धी झाली होती, केस कापलेले. मी म्हटलं, “मी तुम्हाला सोडून गेलो.”

“मीच पाठवलं होतं,” ती म्हणाली. “पण एकदा मागे वळून बघाल असं वाटलं होतं.”

“बघितलं असतं तर बसमध्ये चढलो नसतो.”

ती एका म्हाताऱ्याचं सलाईन बदलायला गेली. पुढचे पंधरा दिवस मी रोज ड्यूटी संपल्यावर त्या वॉर्डात जायचो, खाटा सरकवायचो, पाणी द्यायचो. सोळाव्या दिवशी तिने माझ्यापुढेही चहाचा कप ठेवला.

ऑगस्टमध्ये बाळासाहेब परतले आणि पहिलाच प्रश्न, “शेवटचा सीन कधी?” इद्रीसभाईंचं दुकान लुटलं गेलं होतं, पण कॅमेरा त्यांनी घरी पिठाच्या डब्यात लपवला होता. शुक्रवारी दुपारी बारा वाजता फहाहीलला जमलो आणि वारा फिरला. विहिरींचा धूर असा आला, की भर दुपारी अंधार. तीन गाड्यांचे दिवे लावले. सीन असा, की खानावळवाला मागणी घालतो आणि वकीलबाई तोऱ्यात म्हणते, “विचार करून सांगते.”

मी विचारलं. शामला म्हणाली, “हो.”

“कट!” बाळासाहेब ओरडले. “बाई, संवाद चुकला!”

“चुकला नाही,” ती म्हणाली. इद्रीसभाईंना सगळ्यात आधी कळलं. त्यांनी कॅमेरा बंदच केला नाही.

ताई, नऊ तारखेला आम्ही इथल्या आपल्या दूतावासात लग्न नोंदवलं. तिचं पहिलं लग्न मोडलेलं आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर मला तुझा शब्द मोडून हे करावं लागलं असतं. आता चिडशील, पण निदान शब्द मोडलेला नाहीये.

भाऊबीजेला आम्ही दोघं मिरजेला येतोय. दार तू उघड, भाऊजींना पुढे करू नकोस. काय बोलायचं ते तिच्यासमोरच बोल, तिला रागवलेली माणसं हाताळायची सवय आहे. तिने तुझ्यासाठी इथला खजूर घेतलाय आणि तुझ्या मापाचा शिवलेला ब्लाउजही. माप मी अंदाजाने सांगितलं, चुकलं असेल तर शिव्या मला.

तुझा, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच तुझ्याशी खरं बोललेला,
हरीश