बाराव्या घंटेची पुरवणी

गुरुवार, ७ मार्च

टोर्केल येव्ले सोडून चालला. स्वीडनच्या पार उत्तरेत लुलिओला संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली म्हणे, ऑगस्टात बिऱ्हाड हलवणार. वाटाण्याचं सूप पिता पिता सांगितलं, छत्री हरवल्याचं सांगावं तसं. मायकेनचा चमचा हवेतच राहिला. व्हिलगोट बस चालवतो, त्याला अंतर लगेच कळलं. म्हणाला, बाप रे, म्हणजे अख्खा दिवस स्टिअरिंगवर.

मला वाईट वाटलं. पण मी सूत्रधार आहे, चेहऱ्यावर दाखवलं नाही.

अकरा वर्षं दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही ‘अखेरची राख’ खेळतोय. गोष्ट मी चालवायची, या तिघांनी आपापलं पात्र घेऊन फासे टाकायचे आणि मरायचं. कुजलेलं राज्य, कधी न उजाडणारं आकाश, आणि बारा घंटा वाजल्या की जग खलास. अकरा वाजून झाल्यात. टोर्केल म्हणाला, सिक्स्टेन, मी जायच्या आत बारावी वाजव रे बाबा. माझा कबरखोद्या एवढी वर्षं तग धरून आहे, त्याचं शेवटी काय होतं ते बघून जाऊ दे मला.

वचन दिलं. ऑगस्टला पुष्कळ अवकाश आहे.

शुक्रवार, ८ मार्च. ऑफिसात

खेळाचं मूळ नियमपुस्तक काढून पाहिलं. बाराव्या घंटेला अर्धं पान. अर्धं! उंदीर चावल्यावर काय काय होतं याला दोन पानं दिलीत आणि जगाच्या अंताला अर्धं. अकरा वर्षांच्या खेळाला हा निरोप?

प्रकाशक मात्र दिलदार. कोणीही उठावं, या खेळाची पुरवणी लिहावी, छापावी, विकावी. मागच्या बाजूला एवढंच टाकायचं की यात मूळ प्रकाशकाचा काही दोष नाही. त्यामुळे पुरवण्यांचा नुसता सुळसुळाट झालाय. दलदलींची पुरवणी आहे, महारोग्यांची आहे, एक तर नुसत्या सुऱ्यांची आहे. बाराव्या घंटेची एकही नाही. लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही.

निश्चय: मी लिहिणार. चोवीस पानं. रोज दोन, जेवणाआधी. मार्चअखेर हातावेगळं. एप्रिलमध्ये खेळ. टोर्केल ढसाढसा रडणार.

मंगळवार, १९ मार्च

झालेलं काम: शीर्षक.

थोडं वाटेल, पण शीर्षकातच सगळं असतं. अक्षरं काट्याकुट्यांची केली आहेत. आमच्या या क्षेत्रात सहज वाचता येणारं शीर्षक म्हणजे नवशिक्याचं लक्षण. बायकोला, अग्नेटाला दाखवलं. ती म्हणाली, हे काय, वाळकं झुडूप? मी म्हटलं, ‘बारावी घंटा’ लिहिलंय. ती म्हणाली, असेल. आणि तळघरातल्या सामाईक मशीनवर आज आपली धुलाईची पाळी होती, ती घालवलीस ना?

घरातून पाठिंबा हा असा. उद्यापासून रोज तीन पानं.

गुरुवार, ११ एप्रिल

आज जाहीर केलं: पुरवणी तयार होईपर्यंत बारावी घंटा वाजणार नाही. तोवर दर गुरुवारी पुरवणीची चाचणी. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मुद्दा पटला असावा.

चाचणीचा तक्ता पहिला, फासा टाकून उत्तर काढायचं: ‘मरताना काय आठवतं’. मायकेनची जोगीण चारदा मेली. तक्ता नीट तपासायचा तर मरावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. मायकेन दातांच्या दवाखान्यात नर्स आहे, सहनशक्ती तशी दांडगी. पण चौथ्या वेळी म्हणाली, अरे मेले ना मी? मग पुरून टाक की एकदाची! सारखं उठवून काय मारतोस? व्हिलगोट बसल्या जागी घोरत होता. वातावरणनिर्मितीचा परिणाम.

जाताना टोर्केलने बूट घालता घालता विचारलं, त्या मूळच्या अर्ध्या पानावरून खेळलो तर नाही का रे चालणार? मी म्हटलं, टोर्केल, तुझ्यासाठी तर करतोय हे सगळं. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. भरून आलं असेल.

गुरुवार, १६ मे

एकटा टोर्केल आला. मायकेनला म्हणे दवाखान्यात थांबावं लागलं, व्हिलगोटला जादा फेरी लागली. मागच्या गुरुवारीही लागली होती. कंपनी त्याला पिळून घेते आहे.

दोघांत काय खेळणार? मग मी त्याला काळ्या रंगाचे नमुने दाखवले. पुरवणी आता चौसष्ट पानांची झाली आहे आणि सगळी काळ्यावर काळी छापायची आहे. पान तिरकं धरलं तरच अक्षरं दिसतील. अंधाराचा अनुभव वाचकाला हातात मिळाला पाहिजे. टोर्केलने पहिल्याच नमुन्यावर बोट ठेवलं. बाकीचे त्याने पाहिलेच नाहीत असं मला वाटतं.

मग हातातला फासा उगाच फिरवत बसला. म्हणाला, गुरुवार फार उरले नाहीत रे. मी म्हटलं, म्हणूनच घाई करून चालणार नाही.

दमलोय. ओरेब्रोच्या खेळसंमेलनात ऑगस्टसाठी टेबल आरक्षित केलं. तारीख ठरलेली असली की काम आपोआप होतं.

बुधवार, १९ जून

आज फाइल छापखान्याला पाठवली. सुटलो!

दुपारी तिथल्या शेश्टिन नावाच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, अहो, तुमची फाइल बिघडलेली दिसते, चौथ्या पानापासून पुढे सगळं काळंच आहे. मी म्हटलं, ते मुद्दाम आहे. त्या म्हणाल्या, सगळं? म्हटलं, सगळं. मग म्हणाल्या, ठीक आहे, तुमचं पुस्तक, तुमची मर्जी. पण परवा मिडसमरचा सण, की मग आम्ही बंद. ऑगस्टात या.

मी म्हटलं, अख्खा जुलै बंद? हा काय कारभार? त्या म्हणाल्या, तुम्ही स्वीडनमध्ये नवीन आहात का?

माझा जन्म येव्लेचा. नगरपालिकेच्या पाणीखात्यात एकवीस वर्षं झाली, आणि जुलैमध्ये आमच्या खात्यातही फक्त उत्तर देणारं मशीन चालू असतं. तरी हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, कळत नाही. कामात पार बुडालेलो होतो, दुसरं काय.

एका अर्थी बरंच झालं. वाट पाहण्याने उत्सुकता वाढते.

गुरुवार, ११ जुलै. उन्हाळ्याच्या झोपडीवर

पाऊस. डास. अग्नेटा कोडी सोडवते आहे.

टोर्केलचा फोन आला होता. सामान बांधतोय, पण टेबल अजून तसंच ठेवलंय म्हणाला. मायकेन आणि व्हिलगोटही गावातच आहेत. तू ये ना, एका संध्याकाळचं तर काम आहे. मी समजावलं की पुस्तक छापखान्यात अडकलंय. तो म्हणाला, अरे, मला पुस्तक नकोय रे, सिक्स्टेन. तू ये.

मागणी आहे हे उघड आहे. छापायच्या आधीच लोक थांबायला तयार नाहीत. अग्नेटाला तसं म्हटलं. तिने कोड्यातून मान वर केली आणि म्हणाली, गाडीची किल्ली खुंटीवर आहे. हिचं हे असं, विषय काय, बोलते काय.

नाही गेलो. अर्धवट वस्तू मित्राला द्यायची नसते.

मंगळवार, ६ ऑगस्ट

पुस्तकं आली!! दोनशे प्रती. शाईचा वास अप्रतिम. एक प्रत खिडकीशी नेऊन सगळ्या बाजूंनी तिरकी धरली, तेव्हा सतराव्या पानावर ‘आणि’ दिसला.

मायकेनचा फोन. आवाज जरा चढा होता. टोर्केलचा ट्रक रविवारी निघतोय, परवाचा गुरुवार शेवटचा, येतोयस ना? मी म्हटलं, परवा माझं ओरेब्रो आहे, मे महिन्यापासून ठरलंय. शनिवारी रात्री परत येतो, रविवारी सकाळी सामान भरता भरता खेळू. दोन-तीन तास पुष्कळ झाले. खोक्यांवर बसून जगाचा अंत, उलट मजाच येईल! ती म्हणाली, तू शुद्धीवर आहेस का रे? मी म्हटलं, पूर्णपणे.

गुरुवार, ८ ऑगस्ट. ओरेब्रो, शाळेच्या व्यायामशाळेत

टेबल उत्तम जागी, बास्केटबॉलच्या जाळीखाली. डावीकडे उंदरांच्या पुरवणीवाला, उजवीकडे फाशीच्या खांबांची पुरवणीवाली. समोरच्या रांगेतही सगळे पुरवणीवाले. गर्दी चांगली आहे. प्रत्येक जण येतो, माझी प्रत तिरकी धरतो, वा म्हणतो, आणि पाठीवरच्या पिशवीतून स्वतःची पुरवणी काढतो. विकत कोणी घेत नाही. अदलाबदल चालते, तशी रीतच आहे इथली. जाणकारांची दाद ती हीच.

उंदीरवाला ओस्टेन गप्पिष्ट निघाला. मी सहज विचारलं, खेळता कधी? तो आठवत राहिला. मग म्हणाला, मोठी मुलगी झाली त्याच्या आधी खेळलो होतो बहुतेक. फाशीवाली म्हणाली, मी तर लिहायला लागल्यापासून नाही. आम्ही तिघंही हसलो. मग तिघांनीही आपापले गठ्ठे सरळ केले.

संध्याकाळी मायकेनचा फोन. आम्ही तिघं टोर्केलकडे बसलोय, टेबल अजून खोललेलं नाही, आत्ताची गाडी पकडलीस तर पोचशील. आम्ही थांबतो. मी म्हटलं, टेबल सोडून कसा येऊ? ती म्हणाली, काय विकलं गेलं का तिथे? म्हटलं, चौकशी भरपूर आहे. मागून टोर्केलचा आवाज आला, जाऊ दे गं, नको मागे लागूस. मग ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी होती, स्टेशनही लांब नव्हतं. पण उद्या शुक्रवार, खरं गिऱ्हाईक शुक्रवारी येतं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नाही आलं.

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी पुस्तकांचा गठ्ठा, फासे आणि मेणबत्त्या घेऊन टोर्केलकडे गेलो. दारात ट्रक उभा. टेबल आत चढवलेलं होतं, पाय खोलून दोरीने बांधलेले. मी म्हटलं, अरे, टेबल शेवटी न्यायचं ना, आता खेळायचं कशावर? मायकेन दिवाणखान्यातला दिवा उतरवत होती. तिने टोर्केलकडे बघितलं. टोर्केल म्हणाला, सिक्स्टेन, आम्ही गुरुवारी संपवलं रे. घंटा वाजवली.

मी विचारलं, सूत्रधार कोण? तर व्हिलगोट! टोर्केलच्या जुन्या प्रतीतलं ते अर्धं पान त्याने पुढचा थांबा सांगतो त्या आवाजात वाचून दाखवलं. आणि अजिबात झोपला नाही. मायकेन म्हणाली, इतकं छान वाचलं ना मेल्याने, काटा आला अंगावर.

कबरखोद्याचं काय झालं विचारलं. टोर्केलने सांगितलं, त्याने जोगिणीला पुरलं, व्हिलगोटच्या दळणवाल्याला पुरलं, मग स्वतःसाठी खड्डा खणून काठावर बसून राहिला. पुरायला कोणी उरलंच नव्हतं. मी विचारलं, कुठल्या तक्त्यावर फासा टाकलात? तो म्हणाला, तक्ता कसला रे. बोलत बसलो, तसं तसं होत गेलं. मग हळूच म्हणाला, तुझी फार आठवण काढली.

त्याला एक प्रत दिली. त्याने ती उन्हात नेली, तिरकी धरली, आणि म्हणाला, काळा मस्त आलाय. भला माणूस आहे.

पियानो चढवला तर तो डुगडुगायला लागला. व्हिलगोटने ट्रकमधून हाक मारली, काहीतरी जाड द्या रे खाली सारायला! कोणी काही म्हणायच्या आत मीच गठ्ठा पुढे केला. सोडलासुद्धा नाही, दोरीसकट दिला. बरोबर बसला.

मग सगळ्यांनी खोक्यांवर बसून पिझ्झा आणि कोबीचं सॅलड खाल्लं. ते तिघं त्या संध्याकाळबद्दल बोलत होते, एकमेकांचं वाक्य तोडत, हसत. मला कशाकशावर हसताहेत ते कळत नव्हतं. मीही हसलो.

ट्रक निघताना टोर्केलने मिठी मारली. मला खूप रडू आलं. सामान उचलून दमलो होतो म्हणून असेल. नाही, तसं नाही. टोर्केल गेला म्हणून.

गुरुवार, १५ ऑगस्ट

निश्चय करायचा होता, सुचला नाही.

संध्याकाळी टोर्केलला फोन लावला. पलीकडे बराच गलका. म्हणाला, शाळेतले दोघं-तिघं नवे मित्र आलेत, त्यांना ‘अखेरची राख’ शिकवतोय. पहिली घंटा. सूत्रधार मीच, हसू नकोस. मी विचारलं, काही मदत हवी का? तो म्हणाला, नको रे, आत्ता कुठे सुरू करतोय, बघू कसं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, ए, मी मेलो का? आणि सगळे खो खो हसले. मी म्हटलं, जा, खेळा. फोन ठेवला.

ताटं चार मांडली होती. अग्नेटाने दोन उचलली, मग माझ्याकडे बघून परत ठेवली.

आठपर्यंत वाट पाहिली. मायकेन आणि व्हिलगोट आले नाहीत. मी त्यांना बोलावलं नव्हतं. अकरा वर्षांत कधी बोलवावं लागलं नव्हतं.