आईला बसव

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

चित्र सुखरूप पोचलं. बाबांच्या खोलीत लावलंय. पिकलेल्या गव्हाचा रंग असा साधलाय की तुझी वहिनी म्हणाली, यंदा कापणीची माणसं भिंतीकडेच धाडा. आई तर हुबेहूब. तीच वाकलेली पाठ, डोक्याला तोच विटका रुमाल.

पण एक सांगू? रागावू नकोस. आईला जाऊन वर्ष झालं, तरी ती आपली कापतेच आहे. मी शेतातून येतो, हातपाय धुतो, बाबांजवळ टेकतो, आणि ती उन्हातच. बाबांनी तर खाट फिरवून घेतली. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिला थांब म्हणून सांगून थकलो, माझं कधी ऐकलंय तिने!

तिला जरा बसवता येईल का गं?

वेळेवर जेवत जा. आमची माया तुझ्यापाशीच आहे.
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

पत्र वाचून आधी फुरंगटले. आईचे कष्ट लोकांना दिसावेत म्हणून तर चित्र काढलं. तुम्हाला ते रोज दिसत होते, हे डोक्यातच आलं नाही.

बसवायला घेतली, पण जमेना. कागदांवर कागद फाडले. बसलेली आई आठवतच नाही रे, जेवतानाही अर्धी उठलेली. बाबांना विचारशील?

वहिनीला म्हणावं, माणसं पाठवते, न्याहारीचं तू बघ. लोभ कमी करू नका.
धाकटी

१ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

बाबांना विचारलं. म्हणाले, तू-मी नव्हतो तेव्हा, दुपारी सगळे आडवे झाले की ती बांधावर बसायची. रुमाल मांडीवर, पाय लांब, केस मोकळे. चाहूल लागली की लगेच उठायची. म्हणून बाबा झोपेचं सोंग घेऊन तिला बघत राहायचे. सांगताना चक्क लाजले गं!

चित्र आजच परत पाठवतोय. जपून राहा.
दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न.

चित्र झालं. गहू अर्धा कापलेला, विळा बाजूला, आई बांधावर. चेहरा रंगवताना लक्षात आलं, तेव्हा ती माझ्याहून कितीतरी लहान होती. पोरच म्हणायची.

थोडे दिवस माझ्याकडे राहू दे तिला. बाबांना सांग, मी चाहूल लागू देत नाही.

तुमचीच,
धाकटी