टेपवरचा काळा भाग

बाबा, हल्ली तयार झालेला कार्यक्रम फाइल करून पाठवतात. मशीनला सांगायचं आणि चहाला जायचं. तेव्हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम कम्प्युटरवरून टेपवर उतरवायला अर्धा तासच लागायचा, आणि तेवढा वेळ कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही चौबे कॉलोनीतल्या स्टुडिओत आलात त्या दुपारी माझा पहिला कार्यक्रम असाच उतरत होता. नवी राजधानी वसवताना ज्यांची गावं गेली, त्या बायकांवरचा. आपलं राज्य नवं आहे, त्याला हे कोणीतरी दाखवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल केबिनमधली ड्यूटी संपवून काय सांगायला येणार, ते आईने सकाळीच कानावर घातलं होतं: उद्यापासून हे काम बंद, मंत्रालयातल्या नोकरीच्या परीक्षेला बसायचं.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् दिवसभर टीव्ही पाहून राहिली," तुम्ही दारातूनच म्हणालात. स्टुडिओवाले भैया हसले. "अंकल, बैठिए. चालू हो गया तो बीच में रुकता नहीं." तुम्ही बसलात. मला राहवलं नाही. एक तुकडा मी कसा जोडला ते तुम्हाला दाखवायला माउस हलवला, आणि पडद्यावरचं चित्र अडखळलं. एक फ्रेम गळली. टेप बाद, पुन्हा पहिल्यापासून.

आता तुम्ही मला उठवणार, असं वाटलं. तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. "गाडीले लाइन दिली का ती निंगून जायेपर्यंत लिवरले हात लावत नाही, पोट्टे. काहून लावला? लाव पुन्हा."

दुसऱ्या वेळी मी हात मांडीवर ठेवून बसले. एक बाई रुंद रस्त्याकडे बोट करून आपली विहीर कुठे होती ते सांगते, तिथे तुम्ही पुढे झुकलात. कार्यक्रम संपला. त्यानंतर थोडा काळा भाग सोडून टेप थांबवतात. मी बटण दाबलं नाही. टेप थांबली की तुम्ही बोलणार होतात. पडदा काळाच राहिला, तुम्ही पाहत राहिलात.

"अजून आहे काय?"

"हव बाबा. थोडंसं."

"मंग होऊ दे."

टेप संपेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. सांगायला आला होतात ते त्या दिवशी सांगितलं नाहीत, नंतरही नाही. गाडी निघून गेलेली तुम्हाला कळली नसेल, असं मला वाटत नाही. तरी हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: पुढे काही नव्हतं, बाबा.