घरगुती कारणास्तव

आनेकल,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सयाजी,

'प्रिय' लिहिलं, दुसरं काही सुचेना म्हणून. 'डॉ. सयाजीराव' लिहिलं असतं तर तू हसला असतास, आणि तुला हसवण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही.

सप्टेंबरात व्हाइटफील्डच्या त्या हॉलमध्ये आपण भेटलो, त्याला भेट म्हणायचं का, मला ठाऊक नाही. आम्ही शंभरेक पी.टी. टीचर खाली खुर्च्यांवर, तू वर व्यासपीठावर. तुझ्या संशोधनावर बेतलेलं प्रशिक्षण, तीन दिवसांचं, हजेरी सक्तीची. मी तिसऱ्या रांगेत होते. तू मला ओळखलंस, आणि माइकवरूनच म्हणालास, "ही माझी वर्गमैत्रीण. हिच्या शाळेतल्या मुली नसत्या तर माझा प्रबंध झालाच नसता." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग पडद्यावर तुझा तक्ता आला. बारा आठवडे, उंच उडीत एवढी वाढ, ताकदीत एवढी वाढ. खालच्या ओळीत लिहिलं होतं, इजा : शून्य.

धारवाडला बी.पी.एड. करताना आपण दोघंच निपाणीकडचे, दोघंच मराठी बोलणारे. पोरं आपल्याला 'निपाणी मेल' म्हणायची, आठवतं? तू चारशे मीटर पळायचास आणि मी स्टॉपवॉच धरून उभी राहायचे. एकदा मी तुझी वेळ अर्ध्या सेकंदाने कमी सांगितली, तू खूश व्हावास म्हणून. तू लगेच ओळखलंस आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. "आकड्याशी खोटं बोलायचं नाही, नंदे," म्हणालास. त्या दोन दिवसांत मला कळलं की हा माणूस मला हवा आहे. तू कधी विचारलं नाहीस. मी वाट बघत राहिले. पुढे तुझं लग्न झालं, मला आनेकलच्या सरकारी शाळेत नोकरी लागली, आणि आपलं बोलणं संपलं.

म्हणून २०१९च्या जूनमध्ये, चौदा वर्षांनी, तू हातात फाइल घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलास तेव्हा मी कसलीच चौकशी केली नाही. तुला पीएच.डी.साठी नववीच्या चाळीस मुली हव्या होत्या. वीस प्रायोगिक गटात, वीस नियंत्रित गटात. एका गटाने उड्यांचं खास प्रशिक्षण घ्यायचं, दुसऱ्याने नेहमीची कवायत करायची, शेवटी दोघांची तुलना. मी हेडमास्तरांची सही एका दिवसात आणून दिली. तू शहरातून, एचएसआर लेआउटहून बसने यायचास, मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या दिवशी मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालायचे. वर्गातून अंगणाकडे जाताना कुणीतरी माझ्याशी मराठीत बोलतंय, एवढ्यानेच मला दिवस भरल्यासारखा वाटायचा. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगायला लाज वाटत नाही.

मुलींनी लाकडी खोक्यावरून खाली उडी घ्यायची आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर उसळायचं. प्रबंधात तू 'मऊ मातीचं मैदान' लिहिलंयस. आमच्याकडे मैदान कुठलं? सिमेंटचं अंगण होतं. मी पहिल्या आठवड्यात म्हटलंही होतं. तू म्हणालास, "चटया मागवतो." त्या आल्याच नाहीत आणि मी पुन्हा विचारलं नाही.

भाग्यलक्ष्मी तुझ्या यादीत सातवी होती. तिची आई गारमेंटच्या कारखान्यात शिलाईला जायची. काडीसारखी पोर, पण उडी मारून भिंतीवर खडूची बोटं उमटवायची तेव्हा तिची खूण सगळ्यांत वर. तूच म्हणाला होतास, हिला जिल्ह्याला पाठवू. नवव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. "मिस, मंडी नोवु." गुडघा दुखतोय. मी हात लावून पाहिला, गरम होता. तुला म्हटलं, दोन आठवडे विश्रांती देऊ. तू वहीतून मान वर न करता म्हणालास, "आता एकीला काढलं तर गट बिघडतो गं. तीनच आठवडे राहिलेत. पट्टी बांध."

पट्टी मी बांधली, सयाजी. तू नाही. माझ्या हातांनी, घट्ट.

अकराव्या आठवड्यात ती खोक्यावरून खाली आली आणि गुडघा आत वळला. आवाज झाला, ओली फांदी मोडल्यासारखा. बाकीच्या मुली ओरडल्या. ती रडली नाही. खाली बसूनच तिने तुला विचारलं, "सर, नन्न रीडिंग बर्कोंड्रा?" माझं माप लिहून घेतलंत का? तू 'हो' म्हणालास. सरकारी दवाखान्यात पट्टा बांधून दिला आणि ऑपरेशनसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. मग आईची कारखान्यातली शिफ्ट, मग कोरोना, आणि ते राहूनच गेलं.

आठवड्याभराने तू एक फॉर्म घेऊन आलास. सहभागी क्रमांक सात, गट सोडण्याचं कारण : घरगुती. खाली शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेच्या सहीची आणि शाळेच्या शिक्क्याची जागा. तू म्हणालास, इजा दाखवली तर विद्यापीठाची नीतिमत्ता समिती सगळं काम थांबवेल, तीन वर्षं पाण्यात जातील. "तुला माझं ठाऊक आहे ना, नंदे?" मला ठाऊक होतं. मी सही केली. त्याची प्रत आमच्या शाळेच्या रजिस्टरलाही लागली.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण शिक्षिका उभी राहिली. "सर, आमच्या शाळेत सिमेंट आहे, चालेल?" तू म्हणालास, "स्वल्प जपून करा, चालेल." चहाच्या वेळी मी तुला बाजूला घेतलं. भाग्यलक्ष्मीचं नाव घेतलं. तू खरंच क्षणभर आठवत राहिलास. मग म्हणालास, "अगं, जुनं काय उकरतेस? एका मुलीने निष्कर्ष बदलत नाही." आणि कुणीतरी तुला फोटोला बोलावलं. तुझं गणित बरोबरच असेल. पण अर्ध्या सेकंदासाठी दोन दिवस अबोला धरणारा मुलगा मी त्या गर्दीत शोधत होते, तो सापडला नाही.

तरीही मी गप्पच बसले असते. मला मी चांगली ओळखते. पण दिवाळीनंतर भाग्यलक्ष्मी शाळेत आली. आता वीस वर्षांची आहे, आईच्याच कारखान्यात लागली आहे. तिला पी.टी. टीचर व्हायचं होतं. प्रवेशाची शारीरिक चाचणी ती देऊच शकली नाही. आता दिवसभर उभं राहून गुडघा सुजतो. सुपरवायझर म्हणतो, बसायचं काम देतो, पण इजा जुनी आणि खरी असल्याचा कागद आण. दवाखान्याची चिठ्ठी घर बदलताना हरवली. म्हणून ती शाळेचा दाखला मागायला आली होती. क्लार्कने रजिस्टर काढलं, तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "मिस, तेव्हा आमच्या घरी काय झालं होतं?"

ती टोमणा मारत नव्हती रे. तिला खरंच वाटलं, घरचं काहीतरी असेल आणि आईने तिच्यापासून लपवलं असेल.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि दोघींना सगळं सांगितलं, पट्टीसकट, सहीसकट. भाग्यलक्ष्मीने दार उघडून धरलं, मी बाहेर पडावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तिला खरा दाखला लिहून दिला आणि तुझ्या विद्यापीठाला व ते प्रशिक्षण भरवणाऱ्या संस्थेला अर्ज लिहिला. सिमेंट, नववा आठवडा, अकरावा आठवडा, आणि खोट्या फॉर्मवरची सही माझी आहे, हे सगळं त्यात आहे. माझी दैनिक टाचणवही जोडली आहे. माझ्यावर चौकशी बसेल, कदाचित नोकरीही जाईल. हे पत्र तुला विचारायला लिहिलेलं नाही, धमकावायलाही नाही. अर्ज आज सकाळी रजिस्टर्ड पोस्टाने गेला. आधी तुला कळवलं असतं तर तू फोन केला असतास, 'नंदे' म्हणाला असतास, आणि मी पुन्हा तुला समजून घेतलं असतं. त्याचीच भीती होती. म्हणून तो आधी टाकला आणि हे नंतर लिहिलं.

एके काळी स्वतःला तुझीच समजणारी,
महानंदा