विसळलेल्या बाटल्या

४ तारीख, मंगळवार
दादाच्या छोटीला परत जुलाब. आमच्या गल्लीत सातवं पोर. वहिनी म्हणाली, "तू नदीच्या ऑफिसात आहेस ना, विचार की पाण्याचं." विचारते म्हटलं.
नळाच्या पाण्याचे रिपोर्टही तिथेच येतात, फायलीला मीच लावते. दोन महिने एकच शिक्का — पिण्यास योग्य.

५, बुधवार
नाही विचारलं. ऑफिसात मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि नुसती उभी. "काय गं मुके, काय हवंय?" काही नाही म्हटलं. बाटल्या घेऊन निघाले. सहा नदीच्या, चार नळाच्या. नळाच्या छोट्या बाटल्यांच्या तळाला नेहमीची पांढरी धूळ. तीनदा विसळून भरल्या.

७, शुक्रवार
लॅबमध्ये आजच्या बाटल्या द्यायला गेले. तिथला चष्मेवाला एका नवीन बाईंना शिकवत होता. "या छोट्या बाटलीत पावडर असते. ही विसळायची नाही हं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावडर त्याला जागच्या जागी थांबवते. पावडर गेली की तो रस्ताभर बाटलीतले जंतू मारत बसतो. मग आम्ही इथे म्हणणार, वा, काय स्वच्छ पाणी! आणि तिकडे लोक जंतू पितायत."
धूळ नव्हती ती.
मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाटली तीनदा विसळायची. ते नदीच्या मोठ्या बाटल्यांचं असणार. मी विचारलंच नाही. वर्गातही कधी हात वर केला नाही, नववीत शाळाच सोडली.

८, शनिवार
ताट तसंच ठेवून उठले. दादा म्हणाला, "तुलाही लागलं की काय?" नाही म्हटलं.

९, रविवार
छोटीला सलाईन लावलं. एवढासा हात, त्याला फळी बांधलीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? वहिनी म्हणाली, "नळाचं. तपासलेलं असतं, आमची हीच तपासायला नेते." माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.
प्रत्येक कागदावर माझी सही आहे. नमुना घेणारी — मी. नोकरी जाईल. पोलीस पण येतील का? आणि छोटीला काही झालं तर —

१०, सोमवार
मॅडमना सांगितलं. तोंडाने नाही, कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, उठून दार लावलं.
"अजून कुणाला माहितीये?"
"नाही."
कागदाची घडी पर्समध्ये गेली. "मी बघते. तू कुठे बोलू नकोस. तशी तू बोलतेस कुठे म्हणा." हसल्या. मीही हसले. सुटल्यासारखं वाटलं. बावळट आहे मी.

११, मंगळवार
वाटलं आज नळाचे नमुने पुन्हा घ्यायला पाठवतील. मॅडम म्हणाल्या, "छोट्या बाटल्या संपल्यात, पुढच्या महिन्यात बघू." कपाटात दोन खोकी आहेत. सकाळी मीच झाडून ठेवली.
एक बाटली ओढणीत गुंडाळून आणली. चोरीच ही. आमच्या गल्लीच्या नळावर भरली. विसळली नाही. झाकण घट्ट लावलं. चष्मेवाल्याला दिली. "आज एकच?" एकच म्हटलं.

१३, गुरुवार
पिण्यास अयोग्य.
कागद घेऊन सरळ नळावर गेले. रांगेत दहाबारा बायका, शेवटी वहिनी, हॉस्पिटलातून अंघोळीला आलेली. मी बोलले. सगळं. आवाज फाटला पण बोलले. बायकांनी बादल्या रिकाम्या केल्या. एकीने शिवी दिली. वहिनीनेही बादली ओतली. आम्ही घरी आलो.
मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"
"शुक्रवारी."
तिने बोटांवर मोजलं. "शनिवारी छोटी पाणी मागत होती. मी कामात होते. तूच पाजलंस ना?"
हो.